डावी झडप

“सात बोटं उतरलंय,” अण्णा म्हणाले.

सकाळचे साडेसहा वाजले होते. आमची बोट जिथे बांधली होती तिथल्या ओल्या गवतात हे उकिडवे बसले होते. डोक्याला माकडटोपी, अंगात स्वेटर, खाली लेंगा, आणि उजव्या हाताची बोटं आडवी धरून काठाच्या दगडी भिंतीला लावलेली. महिना जूनचा, पण इंग्लंडचा जून म्हणजे आपला मार्गशीर्षच. मी चहाचा कप घेऊन बोटीच्या दारात उभी होते.

“काय उतरलंय?”

“पाणी. काल संध्याकाळी ह्या दगडाच्या वरच्या कडेला होतं. आत्ता सात बोटं खाली आहे. कुणीतरी पाणी चोरतंय, कुमुद.”

“अहो, आपण विलायतेत आहोत. इथे कोण पाणी चोरायला बसलंय? इथे काय कुणाचा ऊस वाळतोय का?”

“माणूस सगळीकडे सारखाच,” ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच पुटपुटायला लागले, “सात. सात. सात.”

माझ्या मागे आमची लेक केतकी येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघींच्या मनात एकच वार आला. मंगळवार.

ह्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. पण ती सकाळ अजून जशीच्या तशी आठवते.

अण्णा म्हणजे आमचे हे, दत्तात्रय निगडे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालवा निरीक्षक. नीरेच्या डाव्या कालव्यावर ह्यांची सायकल गेली नाही असा एक पूल नसेल. पाण्याकडे नुसतं बघून किती सुटलंय ते सांगायचे. रात्री-अपरात्री कालव्याला भोक पाडून पाणी पळवणारे बागायतदार ह्यांच्या नावानं बोटं मोडायचे. आणि ह्याच माणसानं निवृत्तीनंतर दहा वर्षांनी एक दिवस दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि फिरायला निघून गेला. मग शेजारच्या जगतापांना चक्क “या पाटील” म्हणाला. आमच्याकडे कुणी पाटील नाही. मग चष्मा फ्रीजमध्ये सापडला. आणि मग ते आकडे. सकाळी उठल्यापासून ओठांतल्या ओठांत एखादा आकडा घोळवायचा. विचारलं तर, “काही नाही गं.”

एखादीनं हसण्यावारी नेलं असतं. पण मी ह्यांच्या थोरल्या भावाला बघितलं होतं. भाऊजींचंही असंच सुरू झालं होतं, दुधाच्या पातेल्यापासूनच. शेवटी एक दिवस बाजारातून भाजी आणायला गेलेला माणूस चार दिवसांनी मिरज स्टेशनात सापडला, पायात एकच चप्पल, आणि जाऊबाईंना म्हणाले, “बाई, तुम्ही कोण?” जाऊबाईंचा तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून मी हळूच केतकीला फोन केला. ती आणि आमचे जावई हृषीकेश तिकडेच असतात, दहा-बारा वर्षं झाली. ती म्हणाली, “आई, तुम्ही दोघं इकडे या. मी आठवणींच्या डॉक्टरची वेळ घेते. अण्णांना आत्ताच काही बोलू नकोस.”

वेळ मिळाली मंगळवारची. त्याच्या आधीचे पाच दिवस कालव्यावरच्या बोटीत घालवायचे ही हृषीकेशची कल्पना. “अण्णांचा जन्म कालव्यावर गेलाय आई, खूश होतील.” खरं कारण वेगळं होतं. पाच दिवस एका जागी राहून त्यांच्यावर नीट नजर ठेवायची आणि डॉक्टरला सगळं सांगायचं. मी हो म्हणाले. हेरगिरीच ती, दुसरं काय. आपल्याच नवऱ्यावर.

बोटीचं नाव ‘पेशन्स’. लांबीला एसटीसारखी आणि रुंदीला बैलगाडीएवढी. आत शेगडी, पलंग, मोरी, सगळं एकामागे एक, त्यामुळे कुणाला न्हाणीत जायचं तर बाकीच्यांनी पोट आत घ्यायचं. चालायची मात्र अशी की काठावरून म्हातारी कुत्रं फिरवत पुढे निघून जायची. आणि वाटेत लॉक. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच. पुढेमागे दारं असलेली दगडी खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडायच्या, की वरचं पाणी आत येतं आणि बोट उचलली जाते. बाहेर पडलं की दार लावायचं आणि झडपा पाडायच्या. झडपेला वर एक दातेरी दांडी असते. दांडी वर तर झडप उघडी, दांडी खाली तर बंद. लोखंडी हँडल घालून फिरवलं की झालं.

कामं वाटली गेली. हृषीकेश बोट चालवणार. उजवी झडप केतकीची, डावी माझी. आणि अण्णांना केतकी म्हणाली, “अण्णा, तुम्ही नुसतं बघा हं. कडेला जाऊ नका.” चौतीस वर्षं कालव्याची दारं उघडमीट केलेल्या माणसाला ती म्हणाली, नुसतं बघा. ते हात मागे बांधून उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण मी आपलं हँडल उचललं.

बुधवारी संध्याकाळी शेवटचं लॉक चढून आम्ही हॅझलकोट नावाच्या गावाखाली आलो. तिथेच मुक्काम होता, कारण गुरुवारी गावचा बाजार. त्या लॉकवर एक झालं. मी हँडल फिरवत होते आणि बघते तर हे अगदी दगडी कडेवर उभे, वाकून खाली पाण्यात बघतायत, ओठ हलतायत. मी “अहो!” म्हणून जी धावले ती त्यांचा दंड धरूनच थांबले. “काय बाई तू,” ते म्हणाले, “मी पाणी बघत होतो.” तशीच त्यांना धरून बोटीत नेलं.

आणि आता सकाळी उठून पाणीचोरी.

“अण्णा, चहा घ्या,” केतकी लहान मुलाशी बोलावं तशी बोलली. “आणि पाणी कमी-जास्त होतंच हो इथे.”

“होत नाही,” अण्णा म्हणाले. “हे बंद पाणी आहे. दोन लॉकच्या मधलं. ह्याला पाय फुटत नाहीत.”

“बरं, आपण हृषीकेशला सांगू.”

हृषीकेश उठला, जांभई देत बाहेर आला, पाण्याकडे बघून म्हणाला, “ठीकच दिसतंय की.” झालं. सुनावणी संपली.

त्यात माझी शाल सापडेना. मरून रंगाची, कोल्हापूरहून घेतलेली, बारीक काठाची. काल संध्याकाळपासून नव्हती. “तुम्हीच कुठेतरी ठेवलीत,” मी ह्यांच्यावर ओरडले. “काल तुमच्या हातात दिली होती.”

“माझ्या हातात नाही दिलीस.”

“दिली होती. आठवत नसेल तुम्हाला.”

‘आठवत नसेल’ हे शब्द तोंडातून गेले आणि माझीच जीभ चावली गेली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि कप तोंडाला लावला. मनातल्या मनात मी मात्र डॉक्टरला सांगायच्या यादीत शाल घालून टाकली.

साडेनऊला आम्ही गावात चढलो. काय सांगू, गाव कसं होतं! मधोमध उताराचा चौक, त्याच्या बाजूनं पिवळ्या दगडाची घरं, कुणाच्या भिंती पोट सुटल्यासारख्या पुढे आलेल्या. साडेसातशे वर्षं दर गुरुवारी इथे बाजार भरतो म्हणे. चौकाच्या मध्यावर नुसत्या दगडी खांबांवर उभं छप्पर. पूर्वी गावोगावच्या बायका तिथे लोणी विकायला बसायच्या, खांबांना टेकून टेकून दगडाला खोलगट झालेल्या जागा अजून दिसत होत्या. आमच्या लोणंदच्या बाजाराला असं छप्पर असतं तर माझ्या आईचं ऊन तरी वाचलं असतं, असं मनात आलं. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावर घड्याळ होतं, पण त्याला एकच काटा, तासाचा. हृषीकेश म्हणाला, पूर्वी मिनिटांची गरजच नव्हती लोकांना.

“शहाणे होते,” अण्णा म्हणाले. सकाळच्या चहानंतर तेवढंच बोलले.

मी ह्यांच्या स्वेटरची बाही सोडली नव्हती. चीजचे ठेले, रोपांचे, जुन्या कपबश्यांचे, स्ट्रॉबेरीचे. विकणारे ओरडतसुद्धा होते, अगदी आपल्यासारखे. छपराच्या एका खांबाला लोखंडी गज बसवलेला होता. कापडवाल्यानं माप मारलं तर गिऱ्हाइकानं इथे येऊन कापड मोजून बघायचं, म्हणून गावानं लावलेला तीन फुटांचा गज. अण्णा तिथे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा उजेड आला. त्यांनी गजाला वीत लावली. एक, दोन, तीन, चार.

“बरोब्बर चार विती. आपलीच वीत लागते की गं इथेसुद्धा!”

“लागते हो,” मी म्हणाले, आणि मला एवढं बरं वाटलं की बाही सोडून मी शेजारच्या चीजवाल्याकडे वळले. तो सुरीच्या टोकावर तुकडा पुढे करत होता. केतकी म्हणाली, “आई, हा खाऊन बघ, खवट नाहीये.” मी खाल्ला. खवटच होता. तोंड वाकडं करून मागे वळले.

गजापाशी कुणी नव्हतं.

“अण्णा?”

आधी वाटलं खांबाच्या पलीकडे असतील. मग वाटलं रोपांच्या ठेल्यावर. मग हृषीकेश चर्चकडे धावला, केतकी खालच्या गल्लीकडे, आणि मी लोणीबाजाराच्या खांबांमधून नुसती भिरभिरत राहिले. माकडटोपी, माकडटोपी, असं म्हणत लोकांची डोकी बघत होते. एका बाईनं मला खुर्ची दिली, मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं. डोळ्यांसमोर मिरज स्टेशन. एक चप्पल. बाई, तुम्ही कोण.

“काय गं धरून ठेवता आलं नाही तुला!” केतकी परत आली ती रडतच. “आई, दोन मिनिटं सुद्धा…”

“मला काय हौस होती का ते चीज खायची? तूच खा म्हणालीस!”

“तुम्ही भांडू नका ना आत्ता,” हृषीकेश धापा टाकत म्हणाला. तो चर्चभर हिंडून आला होता. एव्हाना अख्ख्या बाजाराला कळलं होतं की एक हिंदुस्थानी म्हातारे गृहस्थ हरवलेत. एकमेकांना विचारत विचारत निरोप शेवटी स्ट्रॉबेरीवाल्या बाईपाशी पोचला. ती म्हणाली, लोकरीच्या टोपीवाले ना? पळत गेले. कालव्याच्या बाजूला.

“पळत?” केतकीनं विचारलं.

“त्यांच्या वयाच्या मानानं पळतच,” ती म्हणाली.

पळत आणि पाण्याकडे. तिघं उतारावरून धावत सुटलो. मी साडी गुडघ्यापर्यंत धरली होती, लाज कसली नि काय.

कालव्यावर येऊन बघतो तर आमची बोट एका अंगाला कललेली. पाणी चांगलं वीतभर उतरलं होतं, काठाजवळचा काळा चिखल उघडा पडला होता आणि ‘पेशन्स’ त्या चिखलावर टेकली होती. आत भांडी पडल्याचा पसारा खिडकीतून दिसत होता. शेजारच्या हिरव्या बोटीतली बार्बरा, पंच्याहत्तरीची बाई, काठावर कुत्र्याला घेऊन उभी होती. आम्हाला बघताच ती हात हलवून मोठमोठ्यानं बोलायला लागली. माझी इंग्रजी बेताचीच, पण एवढं कळलं की तुमच्या त्या गृहस्थांनी येऊन आधी माझ्या बोटीचे दोर सैल केले, मग तुमच्या, नाहीतर माझी बोट दोराला लटकून आडवी झाली असती आणि मी आत झोपले होते.

“ते कुठे आहेत?” केतकीनं विचारलं.

बार्बरानं खालच्या बाजूला बोट केलं. लॉककडे. हृषीकेशनं बोटीच्या दारात हात घातला. खुंटीवर हँडल नव्हतं.

लॉकपर्यंत पाच मिनिटांची वाट असेल. ती मी कशी गेले मला आठवत नाही. एवढं आठवतं की देवाला काहीबाही कबूल करत होते. आणि वळणावरून लॉक दिसलं, आणि लॉकच्या दाराच्या जाड लाकडी तुळईवर बसलेली माकडटोपी दिसली.

“अहो!”

त्यांनी वळून बघितलं आणि हात वर केला. धडधाकट. घामानं निथळत होते, पण दोन्ही पायांत बूट होते आणि मी कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या समोर नारिंगी जाकीट घातलेला एक उंच माणूस उभा होता. लॉकची देखरेख करणारा. कपाळाला आठ्या. तो हृषीकेशला म्हणाला, काल संध्याकाळी ह्या लॉकमधून शेवटची बोट तुमचीच गेली. वरची एक झडप अर्धी उघडी राहिली. खालची दारं जुनी, गळकी. सगळं पाणी रात्रभर त्यातून चाललंय. कुणी ठेवली उघडी?

हृषीकेशनं केतकीकडे बघितलं. केतकीनं तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णा उठून उभे राहिले आणि एकेक शब्द मोजून इंग्रजीत म्हणाले, “माय मिस्टेक. आय फरगॉट.”

केतकीचा चेहरा पडला. तिनं माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, “आई, अण्णांनी कधी झडपेला हात लावला? आपण बघितलंसुद्धा नाही. म्हणजे काल कधीतरी… आई, आता तरी पटलं ना तुला? मी मंगळवारपर्यंत नाही थांबत, आजच फोन करते.”

मी अण्णांच्या काखेकडे बघत होते. डाव्या काखेत, नीट चौपदरी घडी करून धरलेली, मरून रंगाची, बारीक काठाची माझी शाल.

आणि मग सगळं लख्ख आठवलं. हँडल फिरवताना शाल सारखी दात्यांत जात होती. म्हणून मी ती काढली आणि झडपेच्या खांबावर टाकली. डाव्या झडपेच्या. मग हँडल परत घातलं, दोन फेरे फिरवले, आणि हे कडेवर वाकलेले दिसले. मी हँडल ओढून घेतलं आणि धावले. झडप तशीच. शाल तशीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं गावभर मी जो विसराळू माणूस शोधत होते तो माझ्याच साडीत होता.

खरं सांगते, क्षणभर गप्प राहावंसं वाटलं. अण्णांनी आपण होऊन अंगावर घेतलंय, जाऊ दे. जावयासमोर, परक्या माणसासमोर कशाला शोभा? पण केतकी फोन काढत होती.

“फोन ठेव,” मी म्हणाले. “झडप माझ्या हातून राहिली.”

“आई, तू त्यांना सांभाळून घेऊ नकोस गं…”

“सांभाळून कसली घेतेय? ती बघ शाल! सकाळपासून ह्यांच्या नावानं बोंबलतेय मी, आणि ती कुठे होती? डाव्या झडपेवर. डावी कुणाची होती?” मग मी त्या नारिंगी जाकिटवाल्याकडे वळले आणि होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी काढलं. “नॉट हिम. मी. आय फरगेट. ही क्लोज.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि हसायलाच लागला. म्हणाला, मॅडम, उन्हाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी हेच करतं. पण ते दुपारी हाकाटी होऊन आम्हाला कळतं. पाण्याकडे नुसतं बघून शोधून काढणारा माणूस मी वीस वर्षांत पाहिला नाही. वरच्या लॉकमधून पाणी सोडतो, पाचपर्यंत सगळ्या बोटी तरंगतील. मग त्यानं अण्णांशी हात मिळवला आणि विचारलं, तुम्ही काय काम करत होता?

“कॅनॉल इन्स्पेक्टर,” अण्णा म्हणाले, आणि टोपी काढली.

केतकी तिथेच मटकन बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. हृषीकेश तिला उठवून, मान खाली घालून, बोट सरळ करायला घेऊन गेला. जाताना म्हणाला, “अण्णा, सकाळी मी बघितलंसुद्धा नाही नीट. चुकलं.”

आम्ही दोघंच उरलो. तुळईवर शेजारी शेजारी बसलो.

“अहो, सांगून का नाही गेलात?”

“सकाळी सांगितलं होतं. कुणी ऐकलं?” ते म्हणाले. “मग बाजारात त्या गजाला वीत लावली आणि डोळ्यांसमोर ह्या दोन दांड्या आल्या. काल बोटीतून वळून बघितलं होतं मी. उजवी खाली होती, डावी वीतभर वर. बघितलं होतं आणि तू दंड धरून ओढत होतीस म्हणून डोक्यात शिरलं नाही. डावी तुझी. म्हटलं, कुणाला कळायच्या आत पाडून यावी.”

“आणि स्वतःवर का घेतलंत?”

“तुला मंगळवारी नेलं असतं ना त्यांनी.”

“तुम्हाला मंगळवार माहीत आहे?”

“तू फोनवर हळू बोलायला लागलीस की मी कान देतो, चाळीस वर्षं झाली. आणि केतकी तुझीच मुलगी, तिचा आवाज कुजबुजला तरी फलटणला जातो.”

“मग काही बोलला का नाहीत?”

त्यांनी स्वेटरच्या आत हात घातला आणि खिशातून छोटी लाल डायरी काढली. खात्यात गेजाच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या, नोंदी करायला मिळायची तसली, चौकटीच्या पानांची. माझ्या हातात दिली. दर ओळीला तारीख, पुढे एक आकडा, पुढे बरोबरची खूण. पानंच्या पानं.

“दादा गेल्यापासून सुरू केलं,” ते म्हणाले. “सकाळी एक आकडा धरायचा. कशाचाही, मीटरचा, गाडीचा, पाण्याचा. लिहून ठेवायचा आणि दिवसभर डायरी उघडायची नाही. संध्याकाळी आठवला तर बरोबर, नाही तर फुली. दादाला कळलंच नाही ना गं, कधी सुरू झालं ते. म्हटलं आपल्याला तरी कळावं.”

म्हणून ते आकडे. मी ज्याला वेड समजत होते तो ह्या माणसाचा पहारा होता, स्वतःवरचाच, आणि तोही एकट्यानं. मी त्यांच्या पाठीमागे हेरगिरी करत होते आणि ते माझ्या पाठीमागे त्याच भीतीनं जागत होते.

“आणि दुधाचं पातेलं?”

“विसरलो. माणूस विसरतो. तू आज अख्खा कालवा विसरलीस.”

मला हसूही आलं आणि रडूही. पदरानं तोंड झाकून मी दोन्ही केलं. मग डायरी चाळली. चौदा महिन्यांत दोन फुल्या होत्या.

“पूर्ण दहा झाल्या की तुला सांगणार होतो,” ते म्हणाले. “आधी कशाला तुझी झोप घालवू.”

मी त्यांचा हात धरला. त्या रस्त्यावरून गोरी माणसं येत-जात होती, धरू दे म्हटलं. सहा महिने छातीवर धोंडा ठेवून झोपत होते मी, तो उतरला. एवढं हलकं वाटलं की उठून उभी राहिले तर तोलच जाईल असं वाटलं.

पाच वाजता बोटी तरंगल्या. बार्बरानं आम्हाला चहाला बोलावलं, दूध घातलेला, साखर नसलेला, आणि अण्णांनी तो कसा प्यायला ते त्यांनाच माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडून पुढच्या लॉकवर आलो तेव्हा केतकीनं आपलं हँडल अण्णांपुढे धरलं. “अण्णा, उजवी तुमची.” त्यांनी घेतलं. बोट चढली, बाहेर पडली. मी माझी दांडी पुरती खाली बसेपर्यंत हँडल फिरवलं, हातानं चाचपून बघितलं. पलीकडच्या काठावरून अण्णांनी पाटकऱ्याला घालावी तशी हाळी घातली, “उजवी बंद!”

“डावी बंद!” मी ओरडले. इतक्या जोरात, की झाडावरचे कावळे उडाले.

मंगळवारी आम्ही गेलो डॉक्टरकडे. अण्णाच म्हणाले, वेळ घेतलीय तर जाऊ. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तास दीड तास हरतऱ्हेचं विचारलं, चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला दिले. शेवटी म्हणाल्या, वयाच्या मानानं उत्तम आहे, वर्षातून एकदा दाखवत जा. बाहेर येऊन केतकी त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि मला डोळा मारला, “आता तुझा नंबर.”

अण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत. डायरी तिसरी चालू आहे. लाल रंगाची मिळत नाही, निळी आणतो. हॅझलकोटच्या त्या संध्याकाळीच त्यांनी पानावर उभी रेघ मारून दुसरा रकाना आखला होता आणि वर माझं नाव घातलं होतं. पहिल्या ओळीत आकडा नव्हता. ‘शाल’ असं लिहून पुढे फुली.

सकाळच्या चहाला आम्ही एकेक आकडा धरतो आणि दिवेलागणीला एकमेकांना विचारतो. काल माझा चुकला. मी एकशे चौदा म्हणाले, होता एकशे एक्केचाळीस. अण्णांनी फुली मारली, चष्मा वर करून बेरीज केली आणि डायरी मिटली.

“माझ्या पाच, तुझ्या सहा,” ते म्हणाले. “दहाला अवकाश आहे अजून. भाकरी टाक.”